बिनवायरचा कीबोर्ड

ही गोष्ट बनवलेली नाही. ज्याला तशी वाटेल त्याने इथेच थांबावं, मला वाद घालायचा नाही. डेलमार ह्रुस्का अजून जिवंत आहे. माझ्यापासून तिसऱ्या शेतावर राहतो. त्याने हे सगळं मला शपथेवर सांगितलंय. आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

जानेवारी १९८७. शनिवार. आयोवात, सीडर रॅपिड्सच्या बाहेर. संध्याकाळचे सहा वाजले असतील, पण बाहेर मिट्ट काळोख आणि गुडघाभर बर्फ.

आधी मशीनचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तेव्हा 'ज्युनियर' होता. ऑफिसातल्या पीसीचा धाकटा भाऊच म्हणा. प्रोग्राम बरेचसे तेच चालायचे, पण जोडायचा घरातल्या टीव्हीला. तो बाजारातून गेला तरी आम्ही हट्टाने त्याचा क्लब चालवला. चर्चच्या तळघरात, कॉफी आणि कोलाचे, म्हणजे फळं भरलेले गोड पाव, खात.

त्याच्या कीबोर्डला वायर लागायची नाही. टीव्हीच्या रिमोटसारखे न दिसणारे किरण सोडायचा. गंमत अशी, की आपलं मशीन कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं हे त्याला कळायचं नाही. समोर जो ज्युनियर असेल त्यात अक्षरं उमटायची. आणि मध्येच कुणी आडवं आलं, किरण अर्धवट पोचले, की मशीन ओरडायचं...

टूं!

म्हणून क्लबात बसलं की आमचे अध्यक्ष आधी ओरडायचे, "वायरी लावा रे!" वायर जोडली की किरण बंद. जो विसरला तो मेला. डेलमार मागच्या खुर्चीवर कीबोर्ड मांडीवर घेऊन बसायचा आणि त्या बिचाऱ्याच्या स्क्रीनवर नको नको ते लिहायचा. सगळ्यात जास्त फजिती व्हायची त्याच्या थोरल्या भावाची, लिओनची.

"गाढवा, पुरे की आता!" लिओन हसून हसून लाल व्हायचा.

तो लिओन ऑक्टोबरात गेला. मक्याच्या कोठारात. खालून मका ओढणारं यंत्र चालू असताना आत उतरला आणि मक्यात बुडाला. वाळूत बुडावं तसा. असं उतरताना एकाने वर तोंडाशी उभं राहायचं असतं, यंत्र बंद करायला.

तो एक म्हणजे डेलमार.

"तो मला न सांगता उतरला. मी घरी जेवायला गेलो होतो," डेलमारने सांगितलं. सगळ्यांनी मानलं. लिओनच्या बायकोने, नॅडीनने मात्र मानलं नाही. त्या शनिवारी दुपारी तिने त्याला तोंडावर सांगितलं, "उद्या चर्च सुटलं की तुझ्या आईसमोर विचारणार आहे तुला. बघू तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलतोस का."

आई म्हणजे डेलमारचा जीव. तिच्यासमोर आपल्याला जमणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग त्याने काय करावं? संध्याकाळी कोटाखाली आपला कीबोर्ड दडवून तो नॅडीनच्या खिडकीबाहेर जाऊन उभा राहिला. लिओन रोज ज्या वेळी बसायचा त्या वेळी ती त्याचं मशीन चालू करून ठेवायची, हे त्याला माहीत होतं. काचेतून किरण जातात, हेही माहीत होतं. मेलेल्या भावाच्या नावाने तो आता लिहिणार होता, 'चूक माझी होती. डेलमारला काही बोलू नकोस.'

लाज कशी वाटली नाही मेल्याला!

नॅडीन टीव्हीसमोर बसून होती. डेलमारने पहिली कळ दाबली.

टूं!

स्क्रीन कोरी.

त्याने आत बघितलं. खिडकी, सतरंजी, टेबल, मशीन. मध्ये काहीच नव्हतं...

तो डावीकडे सरकला.

टूं!

उजवीकडे सरकला.

टूं! टूं!

कीबोर्ड काचेला टेकवला. एक अक्षर उमटेना. तो सरकेल तिकडे जणू कुणीतरी आतून त्याच्यासमोर सरकत होतं...

आणि मग टीव्हीतून दुसराच आवाज यायला लागला. ज्युनियरमध्ये आवाजाची वेगळी चिप होती, लिओन तिच्यावर नाताळची गाणी वाजवायचा. आत्ता तिला कुणी काही वाजवायला सांगितलं नव्हतं.

सर्रर्र... सर्रर्र...

पत्र्यावरून मका ओतावा तसा.

तेवढ्यात नॅडीन मान न वळवता म्हणाली, "आत ये, डेलमार. गारठशील."

तो आत गेला. पळून का नाही गेला, विचारलं मी. म्हणाला, पाय तिकडेच वळले.

"काढ तो कोटातून," नॅडीन म्हणाली. "क्लबवाल्याची बायको आहे मी. हे मशीन कधी ओरडतं मला कळतं. कळा दाबणारा तू. मध्ये कोण उभं होतं?"

"कुणी नाही... आईशप्पथ, कुणी नव्हतं!"

"मग लिही. जे लिहायला आला होतास ते माझ्यासमोर लिही."

त्याने लिहिलं, 'मी न सांगता उतरलो.'

टूं!

'डेलमार घरी होता.'

टूं!

"त्याला पटत नाहीये," नॅडीन म्हणाली. हसली ती. "खरं लिहून बघ."

डेलमार म्हणतो, पुढे बोटं त्याची राहिलीच नाहीत.

'मी ट्रकमध्ये होतो.' एकेक अक्षर स्वच्छ उमटलं.

'रेडिओवर मॅच ऐकत होतो.' उमटलं.

'तो हाका मारत होता.' उमटलं.

'मला वाटलं चेष्टा करतोय.'

टूं!

डेलमार रडायला लागला. नॅडीनने त्याचा हात धरून पुन्हा कळांवर ठेवला.

'चेष्टा नाही हे मला कळलं होतं. मॅच संपत आली होती.'

उमटलं.

'मी आवाज मोठा केला.'

उमटलं.

खोलीत पुन्हा ते सर्रर्र... आणि मग एकदम शांत.

नॅडीनने सगळं वाचलं. ओरडली नाही, मारलं नाही. फोनपाशी गेली. "आई, डेलमार इथे आहे. आत्ताच्या आत्ता या. तुम्हाला काहीतरी वाचायचंय."

डेलमार गुडघ्यांवर बसून लिहीत होता, 'लिओन, मला माफ कर.'

टूं!

'माफ कर रे.'

टूं!

"लिहीत राहा," नॅडीन म्हणाली. "आई यायला वेळ आहे अजून."

म्हातारी आली. चष्मा लावून वाचलं. चष्मा पर्समध्ये ठेवला आणि निघून गेली. त्यानंतर सात वर्षं जगली ती, पण धाकट्याशी एक शब्द बोलली नाही. नॅडीनने मशीन त्याच्या ट्रकमध्ये टाकलं. "घेऊन जा. त्याचं जे काही आहे ते तुझ्याशीच आहे."

आता ते त्याच्या स्वयंपाकघरात असतं.

मागच्या शरदात मी गेलो होतो. त्याने लिहून दाखवलं. टूं! मी म्हटलं, जुनं मशीन, किरण टिपणाऱ्या डोळ्यावर धूळ बसली असेल. पुसून दिलं. मग त्याच्याच खुर्चीत बसलो, तोच कीबोर्ड, तीच जागा. 'लिओन, मला माफ कर,' मी लिहिलं.

सगळं उमटलं. एक अक्षर सुटलं नाही.

मी पुसून टाकलं आणि कीबोर्ड डेलमारच्या हातात दिला.

टूं! टूं! टूं!

"रोज लिहितोस?" मी विचारलं.

"रोज."

"सोडून दे की आता."

"तो तरी कुठे सोडतोय," डेलमार म्हणाला आणि पुन्हा लिहायला लागला.

मला तिथे बसवेना. दाराकडे जायची सरळ वाट त्याची खुर्ची आणि मशीनचं टेबल यांच्या मधून होती. दोन पावलांचं अंतर... रिकामं.

मी खुर्चीमागून, भिंतीला पाठ घासत बाहेर पडलो.