बाहेर येईपर्यंत

त्या वर्षीच्या थंडीत, एका मंगळवारी सकाळी, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरील कचेरीत पुढील प्रकार प्रथम लक्षात आला.

कचेरीत ज्यांना सगळे शास्त्रीबुवा म्हणत, त्यांचे काम वर्णने लिहिण्याचे होते. लिफ्टमध्ये कोणी अडकले की तक्रार एआय एजंट घेई. कारागीर धाडणे, वीज तोडणे, अडकलेल्याशी बोलणे, अशी साधने त्याच्या हाताशी दिलेली होती. मात्र कोणते साधन केव्हा वापरावे, हे त्याला केवळ त्याखालच्या वर्णनावरून कळे. वर्णन ढिले असले की एजंट भलतेच काही करून बसे. म्हणून शास्त्रीबुवा एकेका शब्दासाठी कचेरीशी भांडत आणि बहुधा जिंकत. वर्णनाला हात लावण्याचा अधिकार त्यांचा एकट्याचा होता.

एकच वर्णन त्यांनी कोणाशीही न भांडता लिहिले होते. 'आतील व्यक्तीशी बोला : लिफ्टमधून घंटा वाजताच वापरावे. व्यक्ती बाहेर येईपर्यंत बोलणे सोडू नये.'

त्यांचा धाकटा भाऊ याच कंपनीत कारागीर होता. चार नंबरची लिफ्ट दुरुस्त करताना तो आत अडकला आणि धुराने गुदमरून गेला. घंटा वाजत होती. उचलणारे कोणी नव्हते. त्या वाक्यामागे काय आहे, हे कचेरीत सर्वांना ठाऊक होते आणि कोणी ते बोलून दाखवत नसे. पुढे चार नंबर काढून टाकली गेली आणि तिच्या जागी विटांची भिंत आली.

"शास्त्रीबुवा, जरा इकडे या," प्रमुख बाई म्हणाल्या. "एजंट चार नंबरशी बोलतोय."

"चार नंबर अस्तित्वात नाही."

"तेच तर म्हणतेय मी."

संगणकाच्या पडद्यावर एजंटाचा अहवाल होता : 'आतील व्यक्ती शांत आहे. दिवा गेल्याचे सांगते. बोलणे चालू आहे.'

"जुनी नोंद पुसायची राहिली असेल," शास्त्रीबुवा म्हणाले. दुपारी मात्र चार नंबर जिथे होती त्या इमारतीत ते स्वतः गेले. भिंतीला नवा रंग दिलेला होता. बोलण्याची तार कापून तिच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली होती. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. सारा जिना गारठलेला होता. तेवढी जागा उबदार होती, जणू पलीकडून कोणी पाठ टेकून बसले असावे. हाताला ग्रीसचा वास आला.

परतले तेव्हा पडद्यावर एक ओळ वाढली होती : 'व्यक्ती विचारते, दादाचं वाक्य संपलं का?'

ही धाकट्याची जुनी चेष्टा. जेवायला बसले की तो म्हणे, "दादा, तुझं वाक्य संपेपर्यंत ताटातलं निवून जातं." ती त्या दोघांखेरीज कोणाला माहीत नव्हती.

"वर्णन बदला," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"वर्णनात दोष नाही. माणूस आत असेल तर बोलत राहणे हाच त्याचा अर्थ आहे."

"आत कोण आहे, बुवा?"

शास्त्रीबुवांनी खुर्ची पडद्याकडे ओढली.

ते रोज लवकर येऊ लागले. डबा न उघडता पडद्यासमोर बसून राहत. 'व्यक्ती म्हणते, आता भीती वाटत नाही. बोलत राहा.'

शुक्रवारी सात नंबरची घंटा वाजली. आत एक आजीबाई एकट्याच होत्या; दम्याच्या, असे तिथल्या रखवालदाराने कळवले. कारागीर निघाला होता, पण अजून वाटेतच होता. पंख्याचे बटण कुठे आहे, एवढे जरी कोणी त्यांना सांगितले असते तरी पुरे होते. बोलण्याची लाइन एकच होती आणि ती एजंटाच्या ताब्यात होती.

पडद्यावर आले : 'चार नंबरमधील व्यक्ती अद्याप बाहेर आलेली नाही. बोलणे सोडता येत नाही.'

"बुवा, म्हातारीला धाप लागली असेल! लिहा काहीतरी!" बाई ओरडल्या.

घंटा वाजत होती.

उचलणारे कोणी नव्हते.

शास्त्रीबुवांची बोटे कळफलकावर थबकली. मग त्यांनी लिहिले : 'चार नंबरसाठी वापरू नये.'

इतके लहान वाक्य त्यांनी कधी लिहिले नव्हते.

सात नंबरची घंटा थांबली. "आजी, मी ऐकतोय," एजंट म्हणाला. "दाराच्या उजवीकडे हात न्या. वरचं बटण."

आजीबाई सुखरूप बाहेर आल्या. कारागिराच्या खांद्याला धरून त्या म्हणाल्या, "कसला गोड बोलतो रे तो मुलगा!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी चाचणी घेतली. त्यांनी एजंटाला चार नंबरशी बोलण्यास सांगितले. शास्त्रीबुवा मागे उभे होते.

उत्तर आले : 'वर्णनानुसार चार नंबरसाठी हे साधन वापरता येत नाही. घंटा वाजत आहे.'

बाईंनी ते दोनदा वाचले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

"वर्णन आता स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या.