सिद्धलिंगप्पाची पट्टी

कंदील बारीक करा पोरांनो, आन मधी कुणी बोलू नका. आमच्या शेजारच्या कल्लप्पाची गोष्ट हाय. त्यानंच मला सांगितलेली.

साल एकतीस. कल्लप्पा सोलापुरात गिरणीत फिटर होता. तितला वाफेचा मोठा पाइप असा हादरायचा की जोडावरचे नट ढिले व्हायचे, वाफ सुटायची. कल्लप्पानं लई डोकं लावलं, जमलं न्हाय. मग दुधनीचा सिद्धलिंगप्पा कामाला आला. त्यानं पाइपावर तळहात ठेवला, डोळे मिटले, आन वळणापाशी एक लोखंडी पट्टी आवळली. पाइप गप! सायबानं त्यालाच मिस्त्री केलं. कल्लप्पाचा नुसता जळफळाट. अन्न गोड लागंना गड्याला.

पुढं सिद्धलिंगप्पा तापानं गेला. मिस्त्रीपण कल्लप्पाला मिळालं. तरी जो तो म्हणायचा, "पट्टी बसवावी ती सिद्धलिंगप्पानं!" मेलेल्या माणसावर कुणी जळतं का रं? हा जळला. त्यानं ती पट्टी काढून जुन्या जागेपासनं हातभर लांब, सवताच्या मनानं बसवली. पाइप पुन्हा हादराय लागला. सायेब म्हणाला, "दसऱ्याला पाइप हालला, तर तुझी मिस्त्रीगिरी संपली."

आली खंडेनवमी. गिरणी बंद, बायलर थंडगार, हत्यारं पूजेत मांडलेली. त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावत न्हाय. कल्लप्पा रात्री गुपचूप गेला, हळदीकुंकू वाहिलेला पाना उचलला आन शिडी लावून वर चढला. पट्टी जुन्या जागी न्यायची, एवढंच काम. पण तितं पोचला आन सिद्धलिंगप्पावर पुन्हा जळला. म्हंजे त्याचंच खरं व्हय? त्यानं पट्टी सोडवली आन मुद्दाम जुन्या जागेच्या वीतभर अलीकडं धरली.

पाइप थरथरला.

वाफ न्हाय... बायलरात इस्तव न्हाय... आन पाइप थरथरतोय.

"मिस्त्री मी हाय हितं!" कल्लप्पा ओरडला. "मी!"

मनगटावर हात पडला.

कुणाचा... दिसंना. हातानं मनगट धरलं. हळूच पुढं सरकवलं. वीतभर. पाना फिरला...

पाइप गप.

"मेल्यावरबी तुझंच का रं?" म्हणत कल्लप्पा शिडीवरच रडला. भ्याला म्हणून न्हाय. जळून रडला.

दसऱ्याला गिरणी सुरू झाली, पाइप हालला न्हाय. मिस्त्रीपण राहिलं. एवढं त्यानं मला सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली न्हाय.

तो गेला तवा शेवटची आंघोळ आमीच घातली. सदऱ्याची बाही वर केली... मनगटावर पाच बोटं उठलेली. भाजलेली.

आन त्या रात्री बायलर तर थंड होता की.