मर्लिनचा न धुतलेला स्पंज

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी एवढंच सांगतो, की रोझान माझी सख्खी आत्या आहे आणि तिला उभ्या जन्मात धड थाप मारता आलेली नाही. पत्ते खेळतानासुद्धा तिचा चेहरा सगळं सांगून टाकतो.

भुतं म्हणे रात्री येतात. हे यायचं सकाळी अकराला... लख्ख उजेडात.

ठिकाण शबॉयगन, अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या काठी. गेल्या वर्षीचा मार्च. बाहेर बर्फ साचलेला आणि आत्याच्या तळघरात तिची तीन फुटी काचेची टाकी, बार्ब जातीच्या बावीस छोट्या माशांची.

मासे पाळणाऱ्यांचं आमच्याकडे एक मंडळ आहे. दर वसंतात ते घरोघर जाऊन टाक्यांना गुण देतं आणि पहिल्याला करंडक. सतरा वर्षं आत्या दुसरी. पहिला कोण, तर मर्लिन यांके. त्याचं पाणी इतकं नितळ, की मासे हवेत टांगलेत असं वाटायचं. आत्याला ते पाणी डोळ्यांत खुपायचं, आणि ती ते लपवतही नसे.

जानेवारीत मर्लिन गेला. एकटाच राहायचा. मेमध्ये आत्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती आणि तिथे टाकी चालत नव्हती. म्हणजे करंडक यंदा नाही, तर कधीच नाही.

अशात मंडळाचा सेक्रेटरी वर्न टेनपास एक बादली घेऊन आला. बादलीत मर्लिनचा फिल्टर होता.

तो असा. टाकीच्या मागे टांगायची डबी, आणि तिच्यात बारीक गाळ धरणारी, कापसासारखी दाट पांढरी घडी. पाणी ओढणारी नळी टाकीच्या तळापर्यंत जाते. तिच्या तोंडावर एक जुना काळा स्पंज.

"घडी रोज बदल," वर्न म्हणाला. "स्पंज मात्र धुवू नकोस हं! त्यातले जंतूच पाणी राखतात. नळाखाली धरलास की संपलं."

"मला शिकवतोस? सतरा वर्षं काय गोट्या खेळतेय मी?"

गॉर्डी काका, म्हणजे आत्याचा नवरा, पायरीवर बसून सॉसेज खात होता. "मेलेल्या माणसाची घाण जपून आणलीय दोघांनी. उद्या त्याचे मोजे पण आण गं."

हसण्यावारी गेलं ते.

फिल्टर त्याच दिवशी आत्याच्या टाकीला लागला. दुसऱ्या सकाळी तिने घडी काढली. एरवी घडी तपकिरी निघते, तिला बागेतल्या मातीचा वास येतो. त्याची कुणाला किळस वाटत नाही. पण ही...

ही पिवळट होती.

बुळबुळीत. हाडाचं प्लास्टर कापल्यावर आतल्या पायाला येतो ना, तसा वास तिला येत होता. आणि तिच्यावर पातळ, ओले पापुद्रे चिकटलेले.

आत्याने एक पापुद्रा चिमट्याने उचलून खिडकीपाशी धरला. त्यावर बारीक रेघा होत्या. वळणावळणाच्या... बोटाच्या टोकाला असतात तशा.

तिने तीनदा हात धुतले. जेवताना चमचा तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला.

पण पाणी? पाणी निवळायला लागलं होतं!

तिसऱ्या दिवशी तळघरातून टप टप आवाज आला. आत्या खाली धावली. टाकी काठोकाठ भरून फरशीवर सांडत होती. कुणी पाणी घातलं नव्हतं. पातळी बोटभर वर चढली होती, बस.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं.

मासे पाळणाऱ्याला हे कळायला वेळ लागत नाही. टाकीत खांद्यापर्यंत हात घातला, की पाणी बरोबर तेवढंच चढतं.

पण टाकीत हात नव्हता.

आणि मासे... बावीसच्या बावीस मासे मधोमध एका रिकाम्या जागेभोवती जमले होते. ते टोचत होते. ओढत होते. मागे सरकून चघळत होते. एकाच्या तोंडाला पांढरा पापुद्रा लोंबत होता.

पाणी गढूळ असतं तर मनाची समजूत घालता आली असती. ते आरपार दिसत होतं, आणि तिथे काही नव्हतं.

अर्ध्या तासाने पाणी आपोआप उतरलं. आत्याने फरशी पुसली. त्यानंतर रोज तेच. रोज अकराला.

शुक्रवारी घडीत नख निघालं. आख्खं. मुळाशी थोडं मांस असलेलं.

आत्या बादलीत ओकली. त्या संध्याकाळी गॉर्डी काकाने नेहमीसारखे तळलेले मासे आणले, तर तिने ताट ढकललं.

"फेकून दे तो स्पंज," काका म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता.

"फेकला तर पाणी दुधासारखं होईल. रविवारी वर्न गुण द्यायला येतोय."

"मग होऊ दे ना!"

"गॉर्डी, सतरा वर्षं. दोनच दिवस थांब."

हावच ती. तिने स्वतः मला सांगितलं, मान खाली घालून. सगळं कळत होतं, तरी पाणी हवं होतं.

रविवारी वर्न आला तो पावणेअकराला. टाकीसमोर बसला, काचेला नाक लावून. मग कागदावर लिहिलं... पाणी, दहापैकी दहा.

"मर्लिनला पण मी दहा कधी दिले नाहीत, रोझान. करंडक तुझाच."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि टाकीत पाणी चढायला लागलं.

मासे मधोमध जमले. टोचायला लागले. वर्नच्या हातातला कागद खाली पडला.

"हे काय खातायत?" त्याने विचारलं. आणि मग त्याचा चेहरा पांढराफटक झाला. "देवा... इथेही?"

"इथेही म्हणजे? वर्न, काय लपवलंस तू?"

"मर्लिन रोज अकराला टाकी साफ करायचा, ती करता करताच गेला गं. टाकीला टेकून, हात पाण्यात. अकरा दिवस कुणाला पत्ता नव्हता. मला वाटलं होतं, मासे उपाशी मेले असतील..."

"आणि?"

"गुबगुबीत होते."

आत्या किंचाळली. तिला तो स्पंज एक क्षणही घरात नको होता. बाही वर करून तिने उजवा हात खांद्यापर्यंत टाकीत घातला, थेट तळाशी, नळीपर्यंत.

पाणी चढलं नाही.

टाकी काठोकाठ होती. खांद्यापर्यंत हात गेला आणि एक थेंब सांडला नाही. ती जागा आधीच भरलेली होती. आत्या सांगते, दुसऱ्याच्या ओल्या, बुळबुळीत हातमोज्यात हात शिरावा तसं वाटलं. हातमोजा कोमट होता. आणि आतून त्याने तिच्या बोटांना बोटं लावली.

तिने स्पंज उपटला आणि हात बाहेर ओढला.

पाणी उतरलं. बोटभर.

पुन्हा कधी चढलं नाही. घड्या तपकिरी निघायला लागल्या, मातीच्या वासाच्या. टाकी मेमध्ये कुणाला तरी देऊन टाकली. करंडक मात्र आत्याच्या नव्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यात आहे. टाकीतलं ते गेलं, यात शंकाच नाही.

ते गेलं कुठे, एवढंच आम्ही बोलत नाही.

नोव्हेंबरात मी सणाच्या जेवणाला तिच्याकडे होतो. जेवणं झाली. आत्या भांडी घासायला उभी राहिली. सिंक साबणाच्या पाण्याने भरलेलं, काठाच्या चांगलं खाली. तिने उजवा हात पाण्यात घातला. फक्त मनगटापर्यंत.

पाणी काठावरून भळाभळा खाली सांडलं... तिच्या चपलांवर, फरशीवर.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिने घासलेली बशी विसळली, तिच्यात भोपळ्याच्या गोड पाईचा तुकडा ठेवला आणि माझ्यापुढे धरली.

बशीच्या काठाला एक पातळ, ओला पापुद्रा चिकटला होता.