म्हाळूच्या खिशातला मोबाईल

उज्ज्वला चौरे ऑफिसात आली तेव्हा सोमनाथ भांडत होता. समोर कुणी नव्हतं, भांडण मोबाईलमध्ये चाललं होतं. नेव्हिरा कंपनीचे फोन चांगले की भंगार, हा वाद गेले काही आठवडे सगळीकडे पेटला होता आणि अंबाजोगाईच्या वतीनं सोमनाथ एकटा खिंड लढवत होता.

सोमनाथ हा सुग्रीव लोमटेचा सहायक आणि जीपचा ड्रायव्हर. सुग्रीवची अर्धी हयात विमा कंपनीसाठी दाव्यांची चौकशी करण्यात गेली होती, आता तो स्वतःच खासगी चौकश्या घेई. लोक त्याला डिटेक्टिव्ह म्हणत. तसं म्हटलं की तो ओशाळून चष्मा पुसायला घ्यायचा.

"तुमी त्या व्हिडिओतल्या मोबाईलवाल्या ना?" सोमनाथनं मान वर करून विचारलं.

उज्ज्वलाचा चेहरा पडला. दुकानात येणारं प्रत्येक माणूस हेच विचारून जात होतं, आणि काम न देता जात होतं.

तिचं केजमध्ये मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दोन आठवड्यांमागे म्हाळू नावाच्या मेंढपाळानं तिच्याकडून आपल्या नेव्हिरा फोनची बॅटरी बदलून घेतली आणि मेंढरं घेऊन तो माजलगावच्या बाजूला गेला. तिथं राधाकिशन अण्णा नावाच्या बड्या शेतकऱ्याच्या रानात त्यानं मेंढरांचा वाडा लावला. तिथंच एका सकाळी तो मेलेला सापडला. अण्णांचा पुतण्या युवराज नव्या फोनांचे व्हिडिओ करून पोट भरायचा. त्यानं जागेवरून सांगितलं की केजच्या उज्ज्वलाच्या दुकानात दुरुस्त झालेला खिशातला फोन फुटून म्हाळू गेला. दुपारपर्यंत ते अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिलं. पोलीस चौकशीला येईपर्यंत राखही सावडून झाली होती.

मग कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. दोष फोनचा नव्हे, दुकानदारानं टाकलेल्या परक्या बॅटरीचा आहे. लेखी माफी मागा, ती आम्ही जाहीर करू, आणि दुरुस्तीचं काम कायमचं बंद करा. नाहीतर कोर्टात या.

"कंपनीवर चिडलेले मला कंपनीची माणूस म्हणत्यात," उज्ज्वला म्हणाली. "कंपनीवाले मला खुनी म्हणत्यात. मला कुनीच कायी विचारलं न्हाई."

"बॅटरी चांगली होती?"

"तसलीच माज्या आईच्या फोनात घातलीय."

सुग्रीवला हे उत्तर पुरलं. त्यानं सोमनाथच्या फोनवर तो व्हिडिओ लावला. पहाटेचा उजेड, जाळीच्या वाड्यात दाटलेली मेंढरं, घोंगडीखाली झाकलेलं प्रेत, बाजूला मक्याच्या शेताला घातलेलं तारेचं कुंपण. अधूनमधून मेंढरू ओरडे आणि युवराज बोले, बाकी सगळं शांत. पहिल्यांदा सुग्रीवनं डोळे उघडे ठेवून पाहिलं. नंतर दोनदा डोळे मिटून ऐकलं. सोमनाथला हसू आवरेना, व्हिडिओ ऐकणारा माणूस त्यानं प्रथमच पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी तिघं माजलगावच्या वाटेला लागले.

म्हाळूची बायको सुंदरबाई अजून त्याच रानात होती. दीर मेंढरं चारायला गेला होता. तीन दगडांच्या चुलीत लेंड्या धुमसत होत्या आणि तिच्या मांडीवर एक अशक्त कोकरू होतं. थंडीनं काकडू नये म्हणून तिनं त्याला पुरुषाची पांढरी पैरण गुंडाळली होती. पैरणीच्या छातीवरच्या खिशातून तंबाखूच्या चंचीची दोरी लोंबत होती.

"त्यांचीच हाय," ती म्हणाली. "त्या दिशी अंगावर व्हती. टाकून देववंना."

सुग्रीवनं त्या रात्रीचं विचारलं. ती जमिनीकडं बघत सांगू लागली.

"रातची लाईट आलती. हिरीवरची मोटर सुरू झालती. कोकरू कुंपनापल्याड वरडाया लागलं, तसं आमचे मालक उठले. मोबाईलची बत्ती लावून गेलते. आले न्हाईत म्हनून मी गेले, तर पडलेले. मूठ अशी आवळलेली. आंगूळ घालताना बी उघडली न्हाई."

"स्फोटाचा आवाज आला का, मावशी?"

तिनं कोकराला आणखी जवळ ओढलं. "झोपीत व्हते मी," ती म्हणाली. घटकेपूर्वी तिनंच कोकराचं ओरडणं ऐकल्याचं सांगितलं होतं, हे सुग्रीवनं मनात टिपून ठेवलं.

राधाकिशन अण्णा विहिरीपाशी भेटले. माणूस मोठा अदबशीर. चहा मागवला, म्हाळूच्या नावानं हळहळले, लाकडं आपणच पुरवली हेही सांगून टाकलं. पुढची सगळी वर्षं या कुटुंबाला आपलं रान मोकळं आहे, असा शब्दही त्यांनी दिला होता. उज्ज्वलाला हे ऐकून बरं वाटलं. निदान कुणीतरी त्या बाईला धरून होतं.

"हे कुंपण कशासाठी?" सुग्रीवनं विचारलं.

"रानडुकरं. लई तरास. हे सोलरचं झटका मशीन हाय. डुकराला नुसता चटका बसतो, मानूस मरत न्हाई. चालू असलं की टिकटिक करतं, समद्या मेंढपाळांना ठाव असतं. टिकटिक न्हाई तर मशीन बंद, मग खुशाल तार वर उचलून मेंढरं काढत्यात."

सुग्रीव रमतगमत मशीनपर्यंत जाऊन आला. पेटीच्या बटणावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. घराला भोक पडलेलं होतं, आतली पिल्लं केव्हाच उडून गेली होती. शेजारच्या बिनकुंपणाच्या शेतात डुकरांनी जमीन उकरून ठेवली होती. अण्णांचा मका मात्र कणसाला कणीस लावून उभा होता. विहिरीकडच्या पहिल्या खांबावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, बाकी खांब मोकळे होते. सोमनाथला त्यातलं काहीच दिसलं नाही. चहा मात्र त्याला फार आवडला.

युवराज गोठ्यामागच्या खोलीत होता. भिंतीवर दिव्यांच्या माळा आणि टेबलावर फोनांचा ढीग. त्यानं म्हाळूचा फोन पिशवीत जपून ठेवला होता. "पुरावा हाय ह्यो," तो म्हणाला. "कंपनीला सोडत न्हाई मी."

"फोन कुठं होता?"

"छातीवरच्या खिशात. तिथंच फुटला."

सुग्रीवनं फोन हातात घेतला. चारी बाजूंनी सारखाच वितळला होता. चार्जिंगच्या भोकात पांढरट राख दाबून बसली होती. त्यानं ती नखानं काढून सोमनाथच्या नाकाशी धरली.

"जळल्याचा वास," सोमनाथ म्हणाला. "फुटल्यावर असाच येनार की."

"लेंड्यांचा वास येतोय का बघ."

सोमनाथनं पुन्हा हुंगलं आणि मान डोलावली.

संध्याकाळ व्हायच्या आत सुग्रीवनं सगळ्यांना कुंपणापाशी बोलावलं. अण्णा खुर्चीवर बसले, युवराज उभा राहिला, सुंदरबाई कोकरू घेऊन खाली बसली. उज्ज्वला तिच्या शेजारी.

"फोन फुटलाच नाही," सुग्रीव म्हणाला. "मावशी म्हणतात, म्हाळू बत्ती लावून गेला. बत्ती लावलेला फोन हातात असतो, खिशात नाही. आणि तो खिसा बघा. त्या दिवसाची पैरण या कोकराच्या अंगावर आहे. खिसा शाबूत, आतली चंचीसुद्धा शाबूत. छातीवर फोन फुटला तर कापूस आधी जळतो."

युवराजनं पैरणीकडं पाहिलं आणि नजर वळवली. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, हे उघड दिसत होतं.

"बॅटरी फुटली की फोन आतून फाटतो. हा बाहेरून भाजलाय, आणि त्यात लेंड्यांची राख आहे. म्हणजे तो नंतर चुलीत घातला. मग म्हाळू कशानं गेला? उघडली नाही ती मूठ. विजेनं धरलेला हात असाच आवळतो."

"झटका मशीननं मानूस मरत न्हाई," अण्णा शांतपणे म्हणाले.

"नाही मरत. पण तुमचं मशीन कधीचं बंद आहे, अण्णा. बटणावर माशीनं संसार मांडून मोडला. व्हिडिओत मी कान देऊन ऐकलं, टिकटिक कुठंच नाही. तरी शेजाऱ्याचं रान डुकरांनी खणलं आणि तुमच्या मक्याला तोंड लावलं नाही. तुम्ही विहिरीच्या मोटरीची वायर त्या पहिल्या खांबावरून तारेत सोडली होती. रातची लाईट आली की मोटर चालायची आणि कुंपणही. चिकटपट्टी अजून तिथंच आहे."

सुग्रीवनं चष्मा पुसायला घेतला. पुढचं सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"म्हाळूनं कोकराला बाहेर काढायच्या आधी कान दिला असणार. सगळे मेंढपाळ देतात. टिकटिक आली नाही. मशीन बंद आहे असं समजून त्यानं तार मुठीत धरली. तो बेसावध नव्हता. शिकला होता तसंच वागला, म्हणून मेला."

सुंदरबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडली, पण चकित झाली नाही, तिला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं.

"फोनची गोष्ट युवराजची," सुग्रीव म्हणाला. "नेव्हिराचं भांडण पेटलेलंच होतं. एक मेलेला माणूस त्यात टाकला की कुंपणाकडं कोण बघतंय? आणि फोन चुलीत घातला..."

"मी घातला," सुंदरबाई म्हणाली.

उज्ज्वला चटकन बाजूला सरकली. एवढा वेळ ती त्या बाईच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

"कावून?" तिनं विचारलं. "मी काय वाकडं केलतं तुमचं?"

"काय बी न्हाई, ताई. ह्या दोगांनी म्हनलं, घाल. मी घातला. तुमी दुकान दुसऱ्या गावात मांडसाल. आमी मेंढरं कुठं मांडावी? एका अण्णाला तुरुंगात धाडलं, तर बाकीचे अण्णा बांधावर तरी हुबं करत्याल का?"

अण्णा उठले. वायर काढलेली आहे, मढं जळलेलं आहे, जे करायचं ते करा, असं त्यांनी नेहमीच्याच अदबीनं सांगितलं आणि चहाचे कप उचलायला गड्याला हाक मारली. युवराज मागे रेंगाळला. तो जरा शरमलेला वाटला, पण बोलला ते खरंच होतं. लोकांना शिव्या द्यायला कंपनी पाहिजे, नाहीतर दुकान पाहिजे, कुंपणाचा व्हिडिओ कुणी शेवटपर्यंत बघणार नाही, असं त्याचं म्हणणं.

अण्णांच्या हाताबाहेरचा आता एकच पुरावा उरला होता. सुंदरबाईनं कोकराच्या अंगावरची पैरण सोडली, घडी केली आणि उज्ज्वलाच्या हातात दिली.

"तुमीच ठरवा. कुनी इचारलं तर मी न्हाई म्हननार न्हाई."

कोकरू थरथरू लागलं. उज्ज्वलानं पैरणीचा खिसा चाचपला. तिच्या दुकानाची किल्ली, तिचं नाव, सगळं जणू त्या खिशात होतं. सुग्रीवच्या विम्याच्या चौकश्यांत सत्य सापडलं की काम संपायचं. इथं सत्य सापडलं होतं आणि त्याला ठेवायला जागा नव्हती.

उज्ज्वलानं पैरण परत कोकराला गुंडाळली. बाह्यांची गाठ नीट बांधली. सुंदरबाई तिच्या पाया पडायला वाकली तशी ती उठून जीपकडं चालू लागली.

परतीच्या वाटेवर तिनं कंपनीच्या नोटिशीसोबत आलेला माफीनामा गुडघ्यावर ठेवून सही केली. सोमनाथला राहवलं नाही. जीप थांबवून त्यानं युवराजच्या व्हिडिओखाली लिहिलं की म्हाळू फोननं नव्हे, कुंपणातल्या विजेनं गेला. लगेच उत्तरं आली. कंपनीनं किती दिले बे? दुसऱ्यानं लिहिलं, त्या दुकानवालीचा भाऊ दिसतोय. सोमनाथनं फोन खिशात टाकला आणि केज येईपर्यंत बाहेर काढला नाही, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

केजच्या अलीकडे मेंढरांचा कळप रस्त्यावर आला आणि जीपला थांबावं लागलं. बाजूला ऊस, उसाला तारेचं कुंपण. एक मेंढपाळ तारेपलीकडं गेलेल्या कोकराला बोलावत होता. त्यानं मान कलती करून क्षणभर ऐकलं. टिकटिक नव्हती. त्यानं हात पुढं केला.

उज्ज्वला दार उघडून धावली. "हात लावू नगा. मशीन बंद असलं तरी तारेत लाईट असती."

तो थांबला. तिच्याकडं निरखून बघू लागला.

"तुमी त्या केजच्या मोबाईलवाल्या ना? म्हाळूच्या?"

"हो. पण माजं ऐका."

त्यानं खिशातला मोबाईल काढला, तिच्यापासून लांब धरून मागून येणाऱ्या बायकोकडं दिला. मग हसला आणि तार मुठीत धरून वर उचलली. काहीच झालं नाही. कोकरू खालून सुटून आईकडं पळालं.

"बगा," तो म्हणाला, "बंदच व्हतं. आमाला कळतं की, ताई."

तो कळप घेऊन पुढं निघाला. पुढच्या शेतालाही कुंपण होतं, त्याच्या पुढच्याही. उज्ज्वला रस्त्यात उभी राहिली आणि टिकटिक ऐकू येते का ते ऐकत राहिली.