सोबत कोण आलंय?

"सोबत कोण आलंय?" सिस्टरांनी विचारलं, आणि मी उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

रुग्णालयातली लहानशी खोली. माझ्यासारखाच दुर्मीळ आजार असलेले चार-पाच जण, आणि प्रत्येकाच्या शेजारी त्याचं माणूस. कुणाचा नवरा, कुणाची आई. आमच्या शरीरात एक संप्रेरक तयारच होत नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, ताप आला तर वाढवायच्या, आणि गोळी पोटात टिकेनाशी झाली तर लगेच मांडीत इंजेक्शन. नाहीतर... सिस्टर थांबल्या. पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं.

"अशा वेळी आपला हात चालेलच असं नाही. म्हणून घरातल्या एकाला तरी हे यायलाच हवं."

माझ्या घरात मी होते. आणि एक फ्रीज. तो मधूनच घरघरायचा, तेव्हा कुणीतरी आहे असं वाटायचं.

"यांच्याबरोबर मी बसू का?" मागून आवाज आला. "मी इथे जास्तीचाच आहे. ताईला घेऊन आलो, तर भावजी आधीच हजर!"

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. नखांत ग्रीस, डोळ्यांत मिश्कीलपणा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते, पण ते बघतात अक्षरांच्या तक्त्याकडे. हा मात्र सरळ माझ्याकडेच बघत होता.

सिस्टरांनी आमच्यासमोर एक संत्रं ठेवलं. बाटलीतली पूड पाण्यात विरघळवायची, सिरिंजमध्ये ओढायची, सुई सरळ आत. त्याचा हात थरथरला आणि रसाची चिळकांडी थेट माझ्या चष्म्यावर!

"पेशंट दगावला का?" मी विचारलं.

"नाही... पण रडतोय." त्याने रुमाल पुढे केला.

"एवढ्या मोठ्या लिफ्टना घाबरत नाही, आणि सुईला?"

"लिफ्ट ‘आई गं’ म्हणत नाही हो."

मधल्या सुट्टीत मी डब्यातल्या काकडीवर भरपूर मीठ घातलं. या आजारात मिठावाचून चैन पडत नाही. त्याने न विचारता एक फोड उचलली आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"बाप रे! आता एवढ्या मिठाला जागायचं म्हणजे जन्म जायचा." मग नंबर दिला. "कधीही फोन करा. उगाच म्हणत नाहीये."

मी नाही केला. रोज संध्याकाळी नंबर काढायचे, बघायचे, ठेवून द्यायचे. बोलणार तरी काय?

एका रविवारी सकाळी उलट्या सुरू झाल्या. गोळी घेतली, तीही बाहेर पडली. न्हाणीघराच्या फरश्या डोळ्यांपुढे हलू लागल्या. इंजेक्शनची बाटली हातात होती, पण बोटांत जीव नव्हता. मी त्याला फोन लावला.

"मी... चष्म्याच्या दुकानातली..."

"ओळखलं. पत्ता सांगा आणि दाराची कडी काढा. ॲम्ब्युलन्सला मी कळवतो."

कडीपर्यंत सरपटत गेले, एवढंच आठवतं. मग त्याचा आवाज, अगदी कानाशी. "डोळे मिटू नकोस. माझ्याकडे बघ. ऐकतेस ना? तू फक्त माझ्याकडे बघ..." मांडीत कळ आली. या वेळी त्याचा हात थरथरला नव्हता.

शुद्धीवर आले तेव्हा हाताला सलाईन होतं. सिस्टर उभ्या होत्या. "वेळेवर इंजेक्शन मिळालं, म्हणून निभावलं. कुणी दिलं?"

"मी," तो म्हणाला, आणि मटकन खुर्चीत बसला. चेहरा पांढराफटक.

"आता यालाही सलाईन लावू का?" सिस्टर म्हणाल्या.

मला घरी सोडताना तो दारातच थांबला. "काळजी घ्या. येतो." पुन्हा ‘तुम्ही’! मी मान हलवली. दार लावलं आणि किती तरी वेळ तिथेच उभी राहिले. त्याने माणुसकी म्हणून केलं, मी उगाच भलते अर्थ काढू नयेत, असं स्वतःला बजावलं. पण घर पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. एकटेपणाची मला सवय होती. वाट बघण्याची नव्हती.

आठवडाभर ना त्याचा फोन, ना माझा. शेवटी एका संध्याकाळी मीच केला.

"काय झालं? ताप? उलटी?" पलीकडे काहीतरी खणकन पडलं. "निघालोच मी—"

"काही नाही झालं. ठणठणीत आहे. जेवले, गोळी घेतली. आणि... मग घर फारच शांत वाटायला लागलं."

पलीकडेही शांतता. मला वाटलं, ठेवला याने फोन.

"अहो... ऐकताय ना?"

"ऐकतोय." आवाज बदलला होता. "रोज या वेळी फोन हातात घेऊन बसतो मी. तुम्ही आजारी पडाल म्हणून जीव टांगणीला... आणि नाही पडलात तर मला कशाला फोन कराल, म्हणूनही."

"वेडा आहेस."

"आहेस?"

"हो, आहेस." माझे गाल तापले होते; पण हा ताप गोळी वाढवण्यातला नव्हता. "आता ये. हत्यारांची पिशवी नको आणूस. माझ्याकडे कसलंही काम नाहीये."