विरत गेलेली हाक

त्या दुपारी आम्ही आत्याला गाणं ऐकवायला निघालो होतो, एवढंच. सोबत एक स्पीकर, बिस्किटांचा पुडा आणि समोर टेकडीची चढण.

आत्या काजळ्याची. काजळ्या माझा मित्र. कार्यक्रमात डोळ्यांभोवती काळं फासतो, म्हणून हे नाव. तो गिटार वाजवतो, किंचाळतो. मी ड्रम वाजवतो. शाळा अर्ध्यातच सुटली, तेव्हापासून मी लाकडाच्या वखारीत कामाला आहे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते. ड्रममागे बसलं की बोलावं लागत नाही. आमच्या ब्लॅक मेटल संगीताला लोक गोंगाट म्हणतात. असेलही. मला मात्र त्यात शिरलं की दाट धुक्यात उभं असल्यासारखं वाटतं. आणि त्या गोंगाटातून एखादी जुनी, साधी चाल ऐकू आली, की दूरच्या खिडकीत कुणी आपल्यासाठी दिवा ठेवल्यासारखं.

या नव्या गाण्यातली चाल आत्याची होती. टेकडीवरच्या लाकूडतोड्यांची. धुकं उतरलं की घरच्यांनी दारात उभं राहून हाक गायची, "कुठवर आलास रे..." रानातल्यानं त्याच सुरात उत्तर द्यायचं, "हा आलो..." आवाजाच्या मागावर माणूस घरी पोचतो. नियम एकच. माणूस उंबऱ्यात येईपर्यंत हाक थांबवायची नाही.

आत्या एकदा थांबली होती. घशातून आवाजच फुटेना. त्या दिवशी तिचा नवरा परत आला नाही, पुढेही कधी नाही. तेव्हापासून ती गायली नव्हती. भाच्याच्या हट्टापायी तिनं हाक तेवढी रेकॉर्ड करून दिली. उत्तराची जागा आम्ही मोकळी ठेवली.

आम्ही पोचेपर्यंत धुकं कुंपणाला लागलं होतं. काजळ्याच्या कानामागे कालचं काळं अजून होतं.

"धुराड्यात तोंड घातलं होतंस का रे?" आत्यानं पदरानं ते पुसलं.

मी स्पीकर खिडकीत ठेवला. गाणं सुरू झालं.

"बाई गं! दाढ उपटतायत का तुझी?" ती हसली. मग त्या किंकाळ्यांखालून तिचाच आवाज वर आला.

"कुठवर आलास रे..."

मोकळी जागा आली. बाहेरून, खूप खालून... "हा आलो..."

काजळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू टाकलंस हे?"

मी मान हलवली. नाही.

पुन्हा हाक. पुन्हा उत्तर, या वेळी लाकडांच्या ढिगापाशी. आत्यानं दार उघडलं. ओल्या सालींचा वास आत आला.

"आत्या, मी बंद करतो..."

"हात लावशील तर बघ. मी एकदा थांबले होते."

तिसरं उत्तर कुंपणापाशी आलं. चिखलातून बूट उचलल्याचा आवाज आला. आणि तेव्हा मला गाण्याचा शेवट आठवला. आम्ही तिचा आवाज हळूहळू विरत नेला होता. अशा गाण्यात तो शेवट फार सुंदर लागतो. हाक जणू लांब लांब निघून जाते.

हाक लांब जाऊ लागली. बूट थांबले, वळले. हाकेच्या मागे मागे निघाले.

आत्यानं गायला तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"अहो... इकडे... इकडे हो..." असं पुटपुटत ती अनवाणी धुक्यात गेली. आम्ही मागे धावलो. कुंपणापलीकडे स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता.

ती सापडली नाही.

आता धुकं उतरलं की तिच्या दारात मी गातो. मी, ज्याला पत्ता विचारायचीही लाज वाटते. घसा बसला की काजळ्या पुढे गातो. मध्ये खंड पडू देत नाही. उत्तर येतं, दोन आवाजांत. एक आत्याच्या नवऱ्याचा, एक तिचा. दर वेळी थोडं जवळून.

काल ते कुंपणापर्यंत आले. काजळ्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"ऐकलंस?"

ऐकलं होतं. उत्तर तीन आवाजांत आलं होतं. तिसरा आवाज आमच्या ओळखीचा नाही... आणि चालतोय तोच सगळ्यांत पुढे.