ताप आला? अरे वा!

लिफ्टचं दार मिटता मिटता त्याने हात घातला आणि आत शिरला तो थेट तिच्या कोटाकडे बघत.

"बटण पडणार तुमचं."

ओळख ना पाळख! तिने भुवया चढवल्या. त्याने मात्र खिशातून सुईदोरा काढला आणि लिफ्ट थांबेपर्यंत बटण पक्कं केलंही. दोरा दाताने तोडायला तो झुकला, क्षणभर घुटमळला… आणि शहाणपणाने कात्री काढली.

तो शिंपी होता. त्याचे वडील याच इस्पितळात रक्ताच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळले होते. सगळी औषधं करून झाली होती, आता एकच उपाय उरला होता आणि तो तिच्या प्रयोगशाळेत तयार व्हायचा. रोग्याच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि पुन्हा त्याच्या अंगात सोडायच्या. म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत.

पेशींची शिकवणी चालू होती तोवर कॅन्टीनमध्ये या दोघांचा चहा चालू झाला.

"एवढे दिवस का लागतात हो?"

"मापाचं शिवतो ना आम्ही," ती त्याच्याच भाषेत म्हणाली. " ज्याचं त्यालाच."

"तयार कपडे नाहीत तुमच्यात?"

"येतील की! निरोगी माणसाच्या पेशी शिकवून कपाटात ठेवायच्या, कुणी आलं की लगेच द्यायच्या. प्रयोग चाललेत. घट्ट गाठींच्या कॅन्सरपुढे मात्र अजून आमची फारशी डाळ शिजत नाही."

"म्हणजे पुढे कुणाला इतकं थांबावं लागणार नाही." तो कपात बघत राहिला. "मला मात्र… थांबावं लागलं, ते काही वाईट झालं नाही."

तिचा चहा उगाचच गोड लागायला लागला.

वडिलांना पेशी दिल्या आणि दोन-तीन दिवसांत तो धावत खाली आला. "बाबांना सडकून ताप भरलाय!"

"अरे वा!" तिच्या तोंडून निघून गेलं.

त्याचा चेहरा उतरला. "माझा बाप तापाने फणफणतोय, आणि तुम्ही वा म्हणता?"

तो निघून गेला. तिने जीभ चावली. प्रयोगशाळेत ताप म्हणजे पेशी कामाला लागल्याची खूण, सगळे अशीच दाद द्यायचे. पण वर खाटेवर त्याचे वडील होते. तिला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी ती पहिल्यांदाच वॉर्डात गेली. तो बाहेर बाकावर बसला होता.

"चुकलं माझं. ताप म्हणजे पेशी लढतायत, म्हणून बोलून गेले. पण तो हाताबाहेरही जाऊ शकतो. डॉक्टर त्यावरचं औषध घेऊन तयार आहेत… तरी भीती वाटणारच हो."

त्याने फक्त बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती शेजारी बसली, ताप उतरल्याचं नर्सने सांगेपर्यंत.

महिन्याभराने तपासणीत कॅन्सर कुठे दिसला नाही. तपासण्या चालूच राहणार होत्या, पण वडील घरी निघाले. तो प्रयोगशाळेच्या दाराशी आला.

"म्हणजे आता इकडे येणं नाही," ती बटणाशी चाळा करत म्हणाली.

"एक अडचण आहे. मला ताप आल्यासारखं वाटतंय."

तिने घाबरून त्याच्या कपाळावर हात ठेवला. "कुठाय? गार तर आहेस!"

"लिफ्टपासून आहे. तू दिसलीस की चढतो."

तिचा हात कपाळावर तसाच राहिला.

"अरे वा…" ती हळूच म्हणाली.